तिजोरी आणि मतपेटी : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

लोकशाहीवर संकट आले की आपली नजर न्यायालयाकडे जाते, वृत्तपत्रांकडे जाते, रस्त्यावर उतरणाऱ्या विद्यार्थ्यांकडे आणि कामगारांकडे जाते. कारखानदार, कंत्राटदार किंवा औषध कंपनीचा अध्यक्ष त्या दिवसांत काय करत होता, हे विचारायचे मात्र राहून जाते. ‘पैसेवाले सत्तेच्याच बाजूचे’ असा निकाल आपण आधीच देऊन ठेवलेला असतो. या पुस्तकातले लेख त्या निकालाची फेरतपासणी करतात. निकाल उलटा लागेलच असे नाही, पण पुरावे वाचल्याशिवाय तो देऊ नये, एवढा आग्रह त्यामागे आहे.

या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. अर्थशास्त्राची पदवी, कायद्याचे शिक्षण किंवा ताळेबंद वाचण्याची सवय असेल तर उत्तमच. नसेल तरी अडणार नाही. मूळ प्रश्न साधा आहे. निवडून आलेले सरकार कारस्थानाने पाडले जाते, विरोधकांना तुरुंगात टाकले जाते, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी होते, निवडणुकीतला पैसा मतदारापासून लपवला जातो. अशा वेळी ज्यांच्या हाती भांडवल आहे ती माणसे काय करतात? कोणी सत्तेतच जाऊन बसतो, कोणी उघड पाठिंबा देतो, कोणी उघड विरोध करतो. कोणी पैसे देऊन स्वतःपुरती सुरक्षितता विकत घेतो आणि पुष्कळजण गप्प बसतात. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असमाधानी माणसापुढचे मार्ग तीन शब्दांत मांडले होते : बाहेर पडणे, आवाज उठवणे आणि निष्ठा राखणे. उद्योजकाची अडचण अशी, की जमीन, यंत्रे आणि कामगार जागच्या जागी टाकून त्याला सहसा बाहेर पडता येत नाही. म्हणून आवाज आणि निष्ठा यांच्या मधल्या पट्ट्यातच त्याची खरी गोष्ट घडते.

हा अभ्यास हैदराबादेतून सुरू करण्याला कारण आहे. गेल्या शतकभरात या एका शहराने यातले बहुतेक प्रकार पाहिले आहेत.

पहिला प्रसंग निजामी राजवटीच्या अखेरचा. संस्थानात लोकशाही नव्हतीच. तिची मागणी मात्र जोर धरत होती. जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यातल्या असंख्य कार्यकर्त्यांनी तुरुंग पाहिला. १९४७ च्या अखेरीस, लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकार संघटनेचा जोर वाढलेला असताना, निजामाचे पंतप्रधान झाले मीर लायक अली. ते अभियंता होते आणि संस्थानातले नामांकित उद्योजक होते. त्यांच्याच कारकिर्दीत, ऑगस्ट १९४८ मध्ये, ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची रझाकारांनी हत्या केली. महिन्याभराने, १७ सप्टेंबरला, ती राजवट संपली.

लायक अलींचा स्वभाव, त्यांची श्रद्धा, त्यांची महत्त्वाकांक्षा यांवर बरेच लिहिले गेले आहे. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने त्याबरोबर आणखी एका गोष्टीकडे पाहावे. संस्थानातले मोठे उद्योग सरकारी भांडवलाच्या आधाराने वाढले होते. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विश्वस्त निधीतून सरकार गिरण्या-कारखान्यांत पैसा घाली. नांदेडची उस्मानशाही आणि वरंगळची आझमजाही या कापडगिरण्यांतही सरकारी हिस्सा होता. जिथे कारखानदार आणि दरबार यांच्यात मुळातच अंतर नाही, तिथे संकटकाळी ते अंतर अचानक निर्माण होईल अशी अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

दुसरा प्रसंग १९८४ चा. १६ ऑगस्टला आंध्र प्रदेशचे राज्यपाल रामलाल यांनी एन. टी. रामाराव यांचे सरकार बरखास्त करून नादेंड्ला भास्कर राव यांना मुख्यमंत्री केले आणि बहुमत सिद्ध करायला महिन्याची मुदत दिली. रामाराव अमेरिकेत हृदयाची शस्त्रक्रिया करून नुकतेच परतले होते. त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून दिल्ली गाठली आणि दीडशेहून अधिक आमदार राष्ट्रपती झैलसिंग यांच्यापुढे उभे केले. आमदार फुटू नयेत म्हणून त्यांना आधी रामकृष्ण स्टुडिओत आणि नंतर शेजारच्या कर्नाटकात, रामकृष्ण हेगडे यांच्या राज्यात, ठेवण्यात आले. त्या महिन्यात ‘ईनाडू’ या तेलुगू दैनिकाने लोकशाहीच्या पुनःस्थापनेसाठी उघड मोहीम चालवली. राज्यपाल बदलले गेले आणि १६ सप्टेंबरला रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले.

‘ईनाडू’चे मालक रामोजी राव हे प्रथम उद्योजक होते. १९६२ मध्ये त्यांनी मार्गदर्शी चिट फंड सुरू केला, १९७४ मध्ये विशाखापट्टणमला दैनिक काढले. पुढे लोणची-मसाले, हॉटेल, चित्रपटनिर्मिती असा पसारा वाढला. या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. भिशीचे हप्ते भरणारा शिक्षक, सकाळी अंक घेणारा शेतकरी, लोणच्याची बरणी नेणारी गृहिणी अशा लाखो लहान गिऱ्हाइकांवर हा व्यवसाय उभा होता. सरकारी निविदेवर त्याचे पोट नव्हते. पण एवढ्यावरून कोणाचा पुतळा उभारण्याची घाई नको. ऑगस्ट १९९५ मध्ये चंद्राबाबू नायडू यांच्या बाजूचे आमदार हैदराबादच्या व्हाइसरॉय हॉटेलात जमले आणि रामाराव पायउतार झाले, तेव्हा ‘ईनाडू’ नायडूंच्या बाजूने होता. तो पक्षांतर्गत बदल होता की जनादेशाची चोरी, यावर आजही वाद होतो. एकाच माणसाची १९८४ आणि १९९५ मधली दोन पावले शेजारी ठेवून वाचणे, हा या क्षेत्रातला पहिला धडा.

तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा, आणि त्याचा धागा नाशिकपर्यंत जातो. निवडणूक रोखे नाशिकच्या प्रतिभूती मुद्रणालयात छापले जात. एक हजारापासून एक कोटीपर्यंत किंमत, व्याज नाही, घेणाऱ्याचे नाव नाही, पंधरा दिवसांची मुदत. कागदावर एक क्रमांक होता, तो साध्या डोळ्यांना दिसत नसे; अतिनील प्रकाशात धरला की उमटे. मतदाराला काही दिसू नये, पण नोंद राहावी, अशी ही रचना होती. २०१८ पासून सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली; मार्चमध्ये नावे आणि क्रमांक लोकांसमोर आले. खरेदीदारांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग अँड इन्फ्रास्ट्रक्चर्स ही कंपनी होती, ९६६ कोटी रुपयांसह. शहरातल्या अनेक औषध कंपन्याही त्या यादीत होत्या.

मेघाचे रोखे भाजप, भारत राष्ट्र समिती, द्रमुक, वायएसआर काँग्रेस अशा निरनिराळ्या पक्षांकडे गेले. म्हणजे ही देणगी एखाद्या विचाराला होती असे मानणे अवघड आहे. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने १४० कोटींचे रोखे घेतले आणि पुढच्या महिन्यात ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम तिला मिळाले, ही जोडी त्या दिवसांत वृत्तपत्रांतून गाजली. इथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. दोन तारखा शेजारी आल्याने देवघेव सिद्ध होत नाही. मोठ्या कंपनीला कामे मिळतच असतात. सिद्ध होते ते वेगळेच, आणि तेही कमी गंभीर नाही : अशी जोडी तपासण्याचा मतदाराचा हक्क सहा वर्षे बंद कपाटात होता, आणि एवढ्या काळात देशातल्या मोठ्या उद्योगांपैकी कोणी त्या कपाटाच्या किल्लीची जाहीर मागणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

या प्रश्नाची स्पष्ट जाणीव मुंबईत फार आधीच व्यक्त झाली होती. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या नियमावलीत बदल मागितला, तेव्हा एक भागधारक मुंबई उच्च न्यायालयात गेला. १९५७ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या न्यायालयाने कायद्यात आडकाठी नाही म्हणून कंपनीला परवानगी दिली. पण कंपन्यांचा पैसा लोकशाहीचा गळा आवळू शकतो, असा इशाराही निकालात नोंदवला. पुढची वळणे वाचकाने ध्यानात ठेवावीत. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली आणि पैसा काळ्या वाटेने जाऊ लागला. १९८५ मध्ये बंदी उठली, २०१३ च्या कायद्याने सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा ठरवली, २०१७ मध्ये ती मर्यादाच काढून टाकण्यात आली. २०२४ च्या निकालाने तो बदलही रद्द केला.

आणीबाणीचा काळ म्हणजे आपल्याकडची मोठी प्रयोगशाळाच. जे. आर. डी. टाटांसारख्या, ‘स्वतंत्र’ या विरोधी पक्षालाही देणगी देण्याचा आपला निर्णय नेहरूंना सरळ कळवणाऱ्या उद्योगपतीने आणीबाणीतल्या शिस्तीचे परदेशी वार्ताहरापुढे समर्थन केले. त्याच मुंबईत मुकुंद पोलाद कारखान्याचे वीरेन शहा बडोदा डायनामाइट खटल्यात आरोपी होऊन तुरुंगात गेले, आणि रामनाथ गोएंका यांनी सरकारची सगळी दडपणे सोसत ‘इंडियन एक्स्प्रेस’ तगवून धरला.

या सगळ्या साहित्यातून मला एक सूत्र दिसते. संकटकाळी उद्योजक कसा वागेल हे त्याच्या भाषणांपेक्षा त्याच्या धंद्याची दोरी कोणाच्या हातात आहे यावरून अधिक कळते. परवाना, कंत्राट, कर्ज, जमीन, चौकशी यांतले जितके सरकारच्या मर्जीवर, तितका आवाज खाली. शहा आणि गोएंका यांचे व्यवसाय परवान्यांपासून आणि बँकांपासून मोकळे नव्हते. म्हणून हे सूत्र नियम नव्हे, एक कल आहे. पण अपवाद करायला असाधारण माणूस लागतो, आणि लोकशाहीने असाधारण माणसांच्या भरवशावर राहू नये.

याला जोड द्यायची ती मॅन्कर ओल्सन यांच्या १९६५ मधल्या विचाराची : ज्याचा लाभ सर्वांना मिळतो, त्याची किंमत एकट्याने मोजायला सहसा कोणी पुढे येत नाही. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईतल्या एका समारंभात उद्योगपती राहुल बजाज यांनी केंद्रीय मंत्री अमित शहा, निर्मला सीतारामन आणि पीयूष गोयल यांच्यासमोर उभे राहून, उद्योजकांना टीका करायची भीती वाटते, असे सांगितले. आपले उद्योजक मित्र हे बोलणार नाहीत, असेही ते म्हणाले. कोणी घाबरण्याचे कारण नाही, असे उत्तर अमित शहांनी दिले. त्यानंतर सभागृहातल्या किती जणांनी बजाजांची री उघडपणे ओढली, याचे उत्तर शोधणे हाच अभ्यास आहे. मौनाचीही नोंद ठेवावी लागते.

मग एकट्याचे ओझे वाटून घेता येते का? जगातून दोन उदाहरणे उमेद देतात. फिलिपिन्समध्ये विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांच्या १९८३ मधल्या हत्येनंतर मकाती या व्यापारी भागातले कचेरीकर्मचारी आणि व्यवस्थापक हुकूमशहा मार्कोसविरुद्धच्या मोर्चांत उतरले, आणि इमारतींच्या खिडक्यांतून पिवळ्या कागदांचा पाऊस पडला. ट्युनिशियात मालकांची संघटना आणि कामगारांची संघटना एकाच टेबलाशी बसल्या. त्यांच्यासह चार संस्थांच्या चौकडीला २०१५ चे शांततेचे नोबेल मिळाले. उलट, २० फेब्रुवारी १९३३ रोजी बर्लिनमध्ये जर्मन उद्योगपतींनी हिटलरचे भाषण ऐकून निवडणूक निधीला संमती दिली. हेन्री टर्नर यांनी १९८५ मध्ये दाखवले, की हिटलरच्या उदयाला मोठ्या उद्योगांनी फारसा पैसा पुरवला नव्हता. म्हणजे तिजोरी उघडली गेली ती मुख्यतः सत्ता हाती आल्यावर. पैशाची वेळ पैशाच्या रकमेइतकीच बोलते.

पद्धतीविषयी दोन शब्द. या क्षेत्रात पुरावा क्वचितच समोरून येतो. आडवाटेने शोधावा लागतो. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांनी निवडणुकीच्या महिन्यात सिमेंटचा खप घटतो हे दाखवले. बांधकाम व्यावसायिकांचा पैसा तेव्हा राजकारणाकडे वळतो, असा त्यांचा निष्कर्ष. कोणाही आमदाराची मुलाखत न घेता हाती लागलेले हे ज्ञान आहे. हैदराबादच्या पश्चिमेला दर वर्षी वाढणारे मनोरे पाहणाऱ्या विद्यार्थ्याने असा प्रश्न आपल्या शहराला विचारून पाहावा.

मराठी अभ्यासकाला इथे खास संधी आहे. तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात निजामी राजवटीची कागदपत्रे आहेत. त्यांतली बरीच उर्दूत आहेत. नांदेड, परभणी, औरंगाबादच्या गिरण्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि हैदराबाद मुक्तिलढ्याचा संबंध मराठी आठवणींतून आणि त्या उर्दू दप्तरांतून एकत्र वाचायचा राहिला आहे. रझाकारांच्या धास्तीच्या काळात कोणत्या अडत्याने कार्यकर्त्याला आसरा दिला आणि कोणी वर्गणी भरून दार लावून घेतले, याच्या खुणा घरोघरच्या वह्यांतही सापडतील. उर्दू शिकायला घ्या; तेलुगूही थोडी शिका. जिल्ह्याच्या गावातली एक कंपनी निवडून तिचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल, मिळालेली कामे आणि दिलेल्या देणग्या तारखेवार मांडा. एवढ्याने प्रबंधाचा निम्मा पाया होतो.

या अभ्यासाला मी तटस्थ करमणूक मानत नाही. उद्योजकांना धैर्याचे उपदेश करून फारसे साधत नाही, असे मला वाटते. कंत्राट देण्याची रीत उघडी असेल, चौकशी यंत्रणा मर्जीने चालत नसतील, देणगीचे नाव मतदाराला कळत असेल आणि उद्योगसंघटना बोलणाऱ्या सभासदाला एकटे पाडत नसतील, तर साधा माणूसही सरकारला प्रश्न विचारू शकेल. अशी व्यवस्था मागणे आणि उभी करणे हे कारखान्याच्या मालकाइतकेच त्याच्या कामगाराचे, भागधारकाचे आणि गिऱ्हाइकाचे काम आहे. पुढची पाने त्या कामासाठी लागणारी माहिती जमवतात. वाचकाने ती तपासावी, जिथे पुरावा अपुरा वाटेल तिथे हरकत घ्यावी, आणि आपल्या गावचा पुरावा त्यात घालावा.

हैदराबाद