पंक्तिप्रपंच आणि उपाहारगृहे

एकाच पंगतीस बसलेल्या दोघांपैकी एकाच्या वरणभातावर तुपाची धार धरावयाची आणि शेजारच्याच्या भातावर थेंब टाकून पुढे सरकावयाचे, यास आपल्या वाडवडिलांनी पंक्तिप्रपंच असे नाव दिले व ते दूषण मानले. अन्न एकच, चूल एकच; परंतु वाढणाऱ्याच्या हातामुळे एकाचे जेवण गोड होते व दुसऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही. घराबाहेर दाम मोजून जेवण्याची जी रीत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्याकडे रुजली, तिचा इतिहास आमच्या मते या एका शब्दाच्या आधारे चांगला उलगडतो. गिऱ्हाइकाची बरदास्त म्हणजे स्वच्छ टेबल, वेळेवर आलेला पदार्थ आणि वेटरचे गोड बोलणे, असे आज आपण समजतो. हे खरेच आहे. तथापि त्याच्या मुळाशी निराळीच एक गोष्ट आहे, ती म्हणजे समोर बसलेला माणूस कोण आहे हे न विचारता त्यास काय हवे एवढेच विचारणे.

पूर्वी आपल्याकडे अन्न विकणे हेच हलके समजत. अतिथीस देव मानण्याची शिकवण होती, पण तो अतिथी आपल्या सोयरिकीतला वा आपल्या पंक्तीस चालणारा असावा लागे. प्रवासास निघालेला मनुष्य शिदोरी बांधून घेई आणि ती संपल्यावर धर्मशाळेच्या ओट्यावर तीन दगडांची चूल मांडी. पुण्यासारख्या ठिकाणी विद्येसाठी आलेली गरीब मुले माधुकरी मागत किंवा सात घरी सात वार लावून जेवत. त्या यजमानांचे उपकार थोर होते यात शंका नाही. परंतु उपकाराच्या पानावर बसलेल्या मुलास आणखी एक पोळी मागण्याचा धीर होत नसे. पुढे खाणावळी निघाल्या, तेव्हा त्याच मुलास महिन्याचे पैसे मोजून ताठ मानेने "भात आणा" असे म्हणता येऊ लागले. हा फरक लहान नव्हे. पैसे देऊन मिळणाऱ्या सेवेत कोरडेपणा असतो असे आपण म्हणतो. पण ओशाळेपणातून सुटकाही तिनेच केली.

त्या काळी अन्नाचा प्रश्न किती नाजूक होता, हे १८९० सालच्या पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहा प्रकरणावरून ध्यानी येते. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी तेथे व्याख्यानास गेली असता त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. एवढ्यावरून गावात वादळ उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानडे व टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. चहाच्या एका पेल्याची ही कथा. मग अनोळखी माणसाने रांधलेले व अनोळखी हाताने वाढलेले अन्न खाण्यास समाज कसा धजावा? म्हणूनच आरंभीच्या हॉटेलांच्या पाट्यांवर मालकाची वा आचाऱ्याची जात ठळकपणे लिहिलेली असे. ती पाटी म्हणजे काहींना आमंत्रण होते आणि काहींना मज्जाव.

मुंबईत ही कोंडी फोडण्यास मोठा हातभार लागला तो इराणी लोकांचा. यज्द व केरमान या भागांतून आलेल्या जरथुश्त्री मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे चहाची दुकाने थाटली. कोपऱ्याची जागा, संगमरवरी टेबले, वळवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर मोठाले आरसे आणि गल्ल्यावर स्वतः मालक, हा थाट सर्वांच्या परिचयाचा आहे. धोबीतलावावरील कयानी १९०४ सालचे, तर बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालचे. या दुकानांत आर्जव फारसे नव्हते. उलट "हे करू नये, ते करू नये" अशा सूचनाच अधिक असत आणि वेटर बिलाचा आकडा गल्ल्याकडे ओरडून सांगे. तरीही गोदीतला हमाल, कचेरीतला कारकून आणि कॉलेजातला विद्यार्थी तेथे शेजारी-शेजारी बसत. एक कप चहावर घटकाभर वर्तमानपत्र वाचीत बसले तरी कोणी उठवीत नसे. सेवा खडबडीत होती, पण ती सर्वांस सारखी होती, आणि हेच तिचे मर्म होय.

मुंबईत जे व्यापाराच्या ओघात घडले, ते कोल्हापुरात एका राजाने हेतुपूर्वक घडविले. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेतील गंगाराम कांबळे या नोकरास पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यास नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य केले आणि गंगारामांनी भरवस्तीत सत्यसुधारक हॉटेल उघडले. हॉटेल टापटिपीचे, चहा उत्तम. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास कोणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडीतून तेथे येऊन चहा मागवीत, स्वतः पीत आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजीत. चहा चांगला असून भागत नाही, तो घेणाऱ्याचे मनही तयार व्हावे लागते, हे महाराजांनी जाणले होते. सेवेचा सन्मान हा एकट्या मालकाचा गुण नव्हे. त्यास गिऱ्हाइकाचीही साथ लागते. पुढे १९३३ साली रत्नागिरीस सावरकरांच्या प्रेरणेने सर्व जातींसाठी अखिल हिंदू उपाहारगृह निघाले, तेही याच दिशेचे पाऊल होते.

दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेल्या उडपी मंडळींनी या धंद्यास शिस्त लावली. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालापासून चालत आले आहे. रांगेत थांबावे, पाळी आली की बसावे, केळीच्या पानावर सर्वांस तेच पदार्थ त्याच क्रमाने वाढले जावेत, अशी ही रीत. येथे मंदिरातील पंगतीची शिस्त आहे, पण दारावर कुळाची चौकशी नाही.

गिरणगावातील खाणावळींची कथा तर याहून हृद्य आहे. कोकण व घाटावरून एकटे आलेले कामगार ज्या बायांकडे जेवत, त्या बहुतेक स्वतःच कष्टकरी घरांतल्या होत्या. पाळीवरून उशिरा येणाऱ्याचे ताट त्या झाकून ठेवीत आणि संपाच्या दिवसांत उधारी वाढली तरी त्याचे पान बंद करीत नसत. या स्त्रियांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकांचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. तत्पूर्वी १९७४ साली पुण्यात हमाल पंचायतीने कष्टाची भाकर हा उपक्रम सुरू केला होता. स्वस्त अन्न म्हणजे उपेक्षेने फेकलेले अन्न नव्हे, हे या दोन्ही संस्थांनी दाखवून दिले.

कायद्यानेही आपले काम केले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून मज्जाव करण्यास बंदी घातली, १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ सालच्या कायद्याने ती पाळणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरविला. परंतु कायदा दार उघडतो. पान वाढणे त्याच्या हाती नसते. आमच्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका तालुक्याच्या गावी चहाच्या दुकानाबाहेर भिंतीच्या कोनाड्यात दोन कानतुटके कप पालथे घातलेले आम्ही नित्य पाहत असू. त्या कपांतून चहा पिणारे आपले कप आपणच विसळून परत ठेवीत. पैसे मात्र सर्वांइतकेच घेतले जात. आमच्या वर्गातील एका हुशार मुलाचे वडील त्यांपैकी एक होते. कायदा होऊन वीस वर्षे उलटल्यानंतरची ही गोष्ट आहे. चहा आतल्यासारखाच, साखरही तीच. पण त्या मुलाने तेथे कधी चहा घेतला नाही.

आता वाढणाऱ्याकडेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या रात्रशाळांतून शिकून पुढे आलेल्या कित्येकांनी दिवसा हॉटेलात कपबश्या विसळल्या आहेत. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत व ढाब्यांवर कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली, तोपर्यंत "ए पोऱ्या" ही हाक सर्रास ऐकू येई. जो स्वतः अपमान गिळतो, त्याने हसतमुखाने वाढावे ही अपेक्षा कशी धरावी? उलट ब्रिटानियाचे बोमन कोहिनूर, जे २०१९ साली ९७ व्या वर्षी निवर्तले, मालक असूनही उतारवयापर्यंत टेबलाटेबलापाशी जाऊन पाहुण्यांची विचारपूस करीत. केवळ त्यांच्याशी दोन शब्द बोलण्यासाठी लोक दुरून येत.

अशी आस्था बिलात लिहून वसूल करता येत नाही. सेवाशुल्क परस्पर बिलात लावू नये असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. वाढप्यास खुशीने जे द्यावयाचे ते अवश्य द्यावे. त्याबरोबर "दादा" किंवा "मामा" अशी हाक आणि एक नमस्कार दिला तर तो अधिक मोलाचा ठरतो.

आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण आज या व्यवसायात उतरत आहेत. भांडवल, जागा आणि आचारी यांची चिंता त्यांनी जरूर करावी. परंतु दाराशी आलेल्या मळक्या कपड्यांच्या माणसास आपला नोकर कोणत्या टेबलावर बसवितो, इकडे प्रथम लक्ष द्यावे. आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनातील भोजनासही हाच नियम लागू आहे. तेथे व्यासपीठावरील पाहुण्यांची पंगत निराळी आणि मांडव घालणाऱ्या व भांडी घासणाऱ्या मंडळींची सर्वांत शेवटी, उरल्यासुरल्यावर, असे जोवर चालते, तोवर पंक्तिप्रपंच या शब्दाचा अर्थ आपल्या मुलांना कोशात शोधावा लागणार नाही. येत्या संमेलनात त्या मंडळींचे पान आपल्या पानाशेजारी मांडावे आणि वाढावयास आपल्यातील वडीलधाऱ्यांनी उठावे, ही आमची सर्व कुटुंबांस आग्रहाची विनंती आहे.