नगरचे इंग्रजी नाव

आपल्या जिल्ह्यात 'मी अहमदनगरला जाऊन येतो' असे सहसा कोणी म्हणत नसे. श्रीरामपूरचा, राहुरीचा, संगमनेरचा माणूस 'नगरला' जात असे व आजही नगरलाच जातो. पूर्ण नाव निघे ते अर्जात, दाखल्यात आणि पाकिटावरील पत्त्यात. मराठीत ते लिहिताना अडचण नव्हती. अडचण इंग्रजीत होती. १३ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने 'अहिल्यानगर' या नावाला मान्यता दिली, केंद्राची संमती मिळून ऑक्टोबर २०२४ मध्ये ते अमलात आले, आणि जुन्या अडचणीत नवी भर पडली. धर्मग्रामाच्या कचेरीत परदेशी जाणाऱ्या मुलामुलींचे दाखले लिहिताना हा विषय वारंवार निघतो, म्हणून त्याचा इतिहास येथे मांडीत आहे.

मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये भिंगारजवळची लढाई जिंकली आणि १४९४ मध्ये सीना नदीच्या काठी शहर वसविण्यास आरंभ केला. शहराला त्याचेच नाव मिळाले. इंग्रजांचा या नावाशी संबंध आला तेव्हा त्यांनी ते कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली याने, म्हणजे पुढील काळातील ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, येथील किल्ला घेतला. त्याच्या पत्रव्यवहारात शहराच्या नावाचा शेवट 'नग्गर' असा दिसतो: एन, यू, दोन जी, पुन्हा यू आणि आर. आज हे वाचून तरुण मंडळी हसतात. पण 'बट' आणि 'कट' या शब्दांत इंग्रज माणूस 'यू' या अक्षराचा जो उच्चार करतो, तो आपल्या 'अ'च्या अगदी जवळचा आहे. त्या हिशेबाने पाहिले तर ते लेखन अडाणीपणाचे नव्हते. त्यांच्या भाषेच्या रीतीला धरूनच होते.

पुढे विल्यम विल्सन हंटर यांच्या पुढाकाराने सरकारने लिप्यंतराची एक ठरावीक पद्धत स्वीकारली. तीत 'अ'साठी सर्वत्र 'ए' हेच अक्षर. त्यामुळे १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये 'एम'नंतर 'ए' आला. पंडित जवाहरलाल नेहरू १९४२ पासून किल्ल्यात बंदिवान होते. तेथे लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या पहिल्याच प्रकरणाला त्यांनी किल्ल्याचे नाव दिले आहे, तेही 'ए' घालूनच. २०११ च्या जनगणनेतही 'ए'च आहे. मात्र लोकव्यवहाराने 'ई' सोडली नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अहमदनगर कॉलेजच्या इंग्रजी नावात 'ई' आहे, दुकानांच्या पाट्यांवर 'ई' होती, शाळेच्या दाखल्यांवर तर मुख्याध्यापकांच्या मर्जीनुसार कधी हे, कधी ते. अरबी-फारसी 'अहमद'मधील 'ह'लगतचा स्वर उर्दू बोलणाऱ्याच्या तोंडी 'ए'कडे झुकतो, तेव्हा 'ई'लाही कानाचा थोडा आधार आहेच. माझ्या मते दोहोंपैकी एकाला अशुद्ध ठरविण्याचे कारण नाही. एकाच कुटुंबाच्या कागदांत मात्र दोन्ही आली की कचेऱ्यांत हेलपाटे सुरू होतात.

नव्या नावाचे मूळ याच जिल्ह्यात आहे. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चौंडीचा. इंग्रजीत त्यांचेही नाव एकसारखे लिहिले गेलेले नाही. माल्कमसाहेबाने १८२३ मधील माळव्यावरील ग्रंथात संस्कृत 'अहल्या'ला जवळचे रूप घेतले. इंदूरच्या विद्यापीठाने मात्र 'आय' अक्षराचे रूप घेतले, आणि शासनाच्या नव्या नावातही 'आय'च आहे. येथे आवडीनिवडीला वाव नाही.

पुण्याशी आपली तुलना करतात, ती बरोबर नाही. १९७८ मध्ये पुण्याचे केवळ इंग्रजी लेखन बदलले; मराठी माणसाचे पुणे होते तेच राहिले. नगरचे मूळ नावच बदलले. आणि गंमत अशी की, पुण्याच्या धर्मप्रांताचे इंग्रजी नाव अजूनही 'पूना' आहे, मुंबईच्या महाधर्मप्रांताचे 'बॉम्बे'.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. सम्राट हेड्रियनने जेरुसलेमच्या जागी रोमन वसाहत उभारून तिला 'एलिया' हे नाव दिले. इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने जेरुसलेमच्या महागुरूंना मानाचे स्थान दिले, तेव्हा सातव्या नियमात त्यांचा उल्लेख 'एलियाचे महागुरू' असाच केला. प्रभूच्या दुःखसहनाचे आणि पुनरुत्थानाचे शहर, आणि त्याला मूर्तिपूजक सम्राटाच्या घराण्याचे नाव! परिषदेतील धर्मपित्यांना खरे नाव ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्यांनी त्या दिवशीचे चालू नाव वापरले, इतकेच.

आता आपल्या नोंदवह्यांकडे वळू. १९८३ च्या धर्मसंहितेचा ८७७ वा नियम स्नानसंस्काराच्या नोंदीत जन्माची तारीख व जन्मस्थळ लिहावयास सांगतो. १९५५ मधील एखादी नोंद घ्या. तीत जिल्हा अहमदनगर, राज्य मुंबई आणि धर्मप्रांत पुणे; कारण महाराष्ट्र १९६० चा आणि नाशिक धर्मप्रांत १९८७ चा. तिन्ही नावे आज लागू नाहीत, तरी नोंद सर्वस्वी खरी आहे. 'फादर, वहीतच नवीन नाव घाला ना' असा आग्रह काही कुटुंबे करतात. त्यांची निकड मला समजते; कागद जुळला नाही म्हणून मुलाची नोकरी लांबणीवर पडते. पण मूळ नोंदीवर शाई फिरविण्याचा अधिकार मला नाही. ज्या धर्मगुरूने त्या दिवशी त्या बाळाच्या मस्तकावर पाणी ओतले, त्याने लिहिलेली ती साक्ष आहे.

म्हणून दाखल्यावर जन्मस्थळ वहीत आहे तसेच, त्याच इंग्रजी अक्षरांत उतरवावे. त्यापुढे 'सध्याचे नाव अहिल्यानगर' असे इंग्रजीत लिहावे. आजच्या पत्त्यात केवळ नवे नाव. 'ए' आणि 'ई'चा घोळ असल्यास दोन्ही रूपे एकाच गावाची आहेत असे वेगळ्या पत्रावर लिहून, खाली सही, तारीख व धर्मग्रामाचा शिक्का.