चित्रे आठवतात, चितारी आठवत नाहीत

फराळाची ताटे पुढ्यात आली आणि घरची चार माणसे जमली, की गप्पांना लहानपणाचा विषय पुरून उरतो. आज चाळिशीत असलेली मंडळी अशा वेळी हटकून मोगलीवर येतात. रविवारची सकाळ, ज्या घरी टीव्ही त्या घरी लोटलेली आळीतली मुले, पडद्यावर मुंग्या येताच अँटेना फिरवायला गच्चीवर धावलेला थोरला भाऊ आणि 'आलं, आलं!' अशी खालून उठलेली आरोळी, हे सारे इतक्या रंगून सांगितले जाते की आजच्या मुलांनाही हेवा वाटावा. या प्रकाराला मराठीत 'स्मरणरंजन' असा एक नेटका शब्द आहे. त्यातल्या रंजनाचा वाटा आपण मनसोक्त घेतो. स्मरणाचा मात्र अर्ध्यावरच सोडून देतो. चित्रे आपल्याला आठवतात. ती काढणारे चितारी आठवत नाहीत. तेवढी उणीव भरून काढावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

चित्र चालते-बोलते कसे होते, हे आधी सांगावयास हवे. चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने सरकते. एक चित्र दोन चौकटींना पुरवण्याची काटकसर केली, तरी सेकंदाला १२, म्हणजे मिनिटाला ७२० चित्रे लागतात. संगणक येण्यापूर्वी ही सगळी हातांनी काढावी लागत. पाखराने एकदा पंख उचलून खाली आणावेत, एवढ्यासाठी कोणीतरी तासन् तास मान मोडून कागदावर वाकलेला असे.

आपल्याकडे या चिकाटीचा पहिला मानकरी म्हणजे दादासाहेब फाळके. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, त्याआधीच त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस थोडी थोडी टिपून 'अंकुराची वाढ' ही लहानशी फीत तयार केली होती. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. निर्जीव काड्या कोणीही हात न लावता हलताना पाहून त्या काळच्या प्रेक्षकांचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

परंतु एकट्या माणसाच्या हौसेवर ही कला उभी राहणे कठीण. तिला शाळा हवी होती, आणि ती मिळायला १९५६ साल उजाडले. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने व्यंगपटांचा स्वतंत्र विभाग काढला. डिस्नेच्या चित्रशाळेत मुरलेले क्लेअर वीक्स येथे शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांकडून १९५७ साली जातककथेवरचा 'द बॅनियन डिअर' निघाला. त्या तरुणांत राममोहन नावाचे एक चित्रकार होते. पुढची सहा दशके या कलेची वाट त्यांनी किती जणांना दाखवली, याची मोजदाद करणे अवघड आहे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि दोनच वर्षांनी, १९७४ साली, 'एक अनेक और एकता' हा छोटा चित्रपट तयार झाला. ताईने धाकट्यांना 'अनेक' म्हणजे काय ते समजावून सांगावे, जाळ्यात सापडलेल्या पाखरांनी जाळ्यासकट उडून जावे आणि उंदरांनी ते जाळे कुरतडावे, एवढीच ती गोष्ट. पंचतंत्र ऐकलेल्या मुलाला ती नवी नव्हती. तरीही दूरदर्शनवर पुनःपुन्हा लागून ती एका पिढीला तोंडपाठ झाली. ती कोणी केली, हे विचारा. शंभरांत चार जणांना सांगता आले तरी पुष्कळ.

दिग्दर्शिका होत्या विजया मुळे. १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या, पुढे पाटण्याला आणि दिल्लीला राहिलेल्या या बाईंनी देशातली फिल्म सोसायट्यांची चळवळ वाढवली आणि लहान मुलांसाठीही तितक्याच गांभीर्याने काम केले. संगीत वसंत देसाई यांचे. 'दो आँखें बारह हाथ'चे तेच संगीतकार, आपल्या कोकणचे. गीत विनयचंद्र मौद्गल्य यांचे. पलुस्करांच्या परंपरेतल्या या गायकानेच १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. आणि चित्रे हलती केली ती भीमसेन यांनी. यांचा जन्म १९३६ साली मुलतानचा. फाळणीत घरदार मागे टाकून हे कुटुंब लखनौला आले. आपला गाव कायमचा दुरावलेल्या माणसाने एकजुटीची गोष्ट रंगवावी आणि ती कोट्यवधी मुलांच्या मनात राहावी, यात केवढा अर्थ भरला आहे! आपण मात्र गाणे गुणगुणून पुढे गेलो.

राममोहन यांचाही ठसा असाच नकळत आपल्यावर उमटला आहे. १९९० नंतरच्या दशकात युनिसेफसाठी झालेली 'मीना' त्यांच्या हातची. भावाला शाळेत धाडतात आणि मीनाला घरी ठेवतात, तेव्हा तिचा मिठू नावाचा पोपट शाळेत जाऊन कान देतो आणि ऐकलेला धडा तिला आणून देतो. हसता हसता कितीतरी घरांतल्या वडीलधाऱ्यांना तो धडा कळला असेल.

आता मोगली. तो आपला की परका, यावर दिवाळीच्या फराळाबरोबर वाद होतातच. वस्तुस्थिती मोठी गमतीची आहे. मोगलीचा जनक रड्यार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला. त्याचे वडील तेथे शिकवीत. 'जंगल बुक' त्याने लिहिले अमेरिकेत, व्हर्माँटच्या थंडीत. ते १८९४ साली प्रसिद्ध झाले. त्यावर १९८९ साली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने ५२ भागांची मालिका काढली. दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. १९९३ साली ती हिंदी होऊन दूरदर्शनवर आली, तेव्हा गीत गुलजारांचे होते आणि चाल विशाल भारद्वाजांची. शेरखानाचा आवाज दिला नाना पाटेकरांनी, आणि नाना शिकले जे. जे.च्याच उपयोजित कला संस्थेत! ज्या आवारातून मोगलीची कथा जगाच्या फेरीला निघाली, त्याच आवारात वाढलेला एक आवाज घेऊन ती घरी परतली. अशा पाहुण्याला परका कोणत्या तोंडाने म्हणावे?

'आमच्या वेळची कार्टून सरस होती,' असे आपण मुलांना ऐकवतो. सगळीच सरस होती असे नाही. ती दुर्मिळ होती. आठवड्यातून अर्धा तास मिळणारी गोष्ट मनात घर करते. १९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आले आणि दिवसभर कार्टून लागू लागली. त्यात मुलांचा काय दोष? दोष द्यायचाच तर आपल्या पिढीला द्यावा. वाट पाहण्याची गोडी आपण जपून ठेवली आणि ज्यांनी रात्री जागवून ती चित्रे काढली त्यांची नावे हरवू दिली. भीमसेन २०१८ साली गेले. विजयाबाई आणि राममोहन दोघेही २०१९ साली. त्यांच्या चित्रांवर वाढलेल्या कितीजणांनी त्या दिवशी क्षणभर हातातले काम थांबवले असेल?

जुन्या फिती आता खिशातल्या फोनवरही सापडतात. या दिवाळीत मुलांना जवळ घेऊन 'एक अनेक और एकता' लावा. नावांची पाटी येईल तेव्हा ती पुढे ढकलू नका, मोठ्याने वाचा. मुलाने 'हे भीमसेन कोण?' असे विचारले, तर सांगा, की मुलतान सोडून आलेला एक मुलगा होता, आणि ही पाखरे त्याने काढली.