खरं वदवणारं पाणी : दिव्य, चवदार तळं आणि नार्को टेस्ट

एक घोट पाजला की माणूस खरंच बोलेल, असं औषध हाती आलं तर त्यावर नियम कोणते घालायचे? प्रश्न जादूच्या गोष्टीतला वाटतो. पण आपल्या न्यायाच्या इतिहासात तो फार जुना आहे, आणि त्याचा माग काढताना महाड टाळता येत नाही.

याज्ञवल्क्यस्मृतीत पाच दिव्यं सांगितली आहेत : तुला, अग्नी, जल, विष आणि कोश. कोश म्हणजे काय, तर उग्र देवतांना स्नान घातलेलं पाणी. संशयिताने त्यातलं तीन पसे प्यायचं. 14 दिवसांत राजाकडून किंवा दैवाकडून मोठं संकट आलं नाही, तर तो शुद्ध. मराठेशाहीतही दिव्य होतं. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा 1953 चा ग्रंथ जरूर वाचा. कागद आणि साक्षी यांनी वाद मिटला नाही, तरच गोष्ट दिव्यावर यायची.

इथे नवा संशोधक पटकन घसरतो. ‘लोक भोळे होते’ असं लिहून मोकळा होतो. पण नियम नीट बघा. त्याच स्मृतीत तुला दिव्य स्त्रिया, मुलं, म्हातारे, आंधळे, पांगळे, आजारी आणि ब्राह्मण यांच्यासाठी आहे. शूद्राला मात्र अग्नी, जल किंवा सात यव विष. म्हणजे दुबळ्यांबद्दलची काळजी आणि जातीची उतरंड एकाच श्लोकात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही शपथ कशाची घालायची, हे वर्ण पाहून ठरतं. हाच ग्रंथ 25 डिसेंबर 1927 ला महाडच्या परिषदेत जाळला गेला.

त्याच वर्षी 20 मार्चला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले होते. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं आणि पुढे दिवाणी दावाही लावला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची चाल पूर्वापार आहे, हा त्यांचा दावा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 1937 मध्ये निकाल लागला : अशी अनादी चाल सिद्ध होत नाही. पाण्याबद्दलचं खरं इथे पुराव्याने ठरलं. आणि पुरावा द्यायची जबाबदारी होती मज्जाव करणाऱ्यांवर, पाणी पिणाऱ्यांवर नाही. दिव्यात नेमकं उलटं असतं. तिथे स्वतःचं शरीर पणाला लावून स्वतःला सिद्ध करायचं.

आता नार्को टेस्ट घ्या. पेंटोथल टोचून अर्धवट शुद्धीत प्रश्न विचारायचे. तेलगी प्रकरणात 2004 साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचणीला आडकाठी केली नाही. पण 5 मे 2010 ला सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमतीशिवाय चाचणी नाही. संविधानाचं कलम 20(3) कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू देत नाही. संमतीने झालेल्या चाचणीतलं बोलणंसुद्धा आपोआप पुरावा ठरत नाही. औषधाच्या गुंगीत माणूस मनातलंच नाही, तर सुचवलेलंही बोलू शकतो.

तरी एक गाठ सुटत नाही. कोठडीतल्या माणसाने ‘हो’ म्हटलं, ती संमती मानायची का? ‘नाही’ म्हटलं तर संशय वाढेल, या भीतीने दिलेला होकार पूर्वीच्या दिव्यातही असणारच.

म्हणून दिव्याचा कागद हाती आला की ‘निकाल खरा लागला का’ एवढंच विचारू नका. दिव्य कोणी मागितलं, कोणाला करावं लागलं आणि नकार देण्याची मुभा कोणाला होती, हेही शोधा. औषध खरं असो की खोटं, त्याच्या नियमांची नैतिकता या तीन उत्तरांत सापडते.