महाशीर काय खातो? क्रीडामत्स्यांच्या आहाराचा अभ्यास आणि बेतवा नदीपुढील प्रश्न

झाशी जिल्ह्यातील बिजौली गावाच्या पूर्वेस, बुंदेलखंडच्या ग्रॅनाइट खडकांतून वाट काढीत बेतवा नदी वाहते. ओरछापासून पारिछा बंधाऱ्यापर्यंतच्या तिच्या खोल डोहांत आणि वेगवान धारांत महाशीर हा मासा पिढ्यानपिढ्या परिचित आहे. केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाची पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी झाल्यापासून या नद्यांतील जलचरांच्या भवितव्याची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. नदीत किती पाणी राखावे, केव्हा सोडावे आणि कोणता पट्टा अबाधित ठेवावा, या प्रश्नांची उत्तरे मोठ्या प्रमाणात एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर अवलंबून आहेत. तो म्हणजे, हा मासा खातो काय आणि वाढतो कोठे?

क्रीडामत्स्य म्हणजे काय?

उदरनिर्वाहासाठी नव्हे, तर छंद किंवा खेळ म्हणून गळ टाकून जे मासे पकडले जातात त्यांना क्रीडामत्स्य म्हटले जाते. समुद्रात मार्लिन, सेलफिश, तलवार मासा आणि ट्यूना यांची गणना या वर्गात होते. भारतातील गोड्या पाण्यात हा मान महाशीराकडे जातो. एच. एस. थॉमस या ब्रिटिश अधिकाऱ्याचे भारतातील गळाच्या मासेमारीवरील पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून महाशीराची कीर्ती जगभर पसरली. १९४६ साली म्हैसूर परिसरात गळाला लागलेल्या एका महाशीराचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरले होते.

महाशीर हे एकाच माशाचे नाव नाही. टॉर या प्रजातीतील अनेक जातींना मिळून ते वापरले जाते. त्यांपैकी टॉर टॉर आणि हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांतील सोनेरी महाशीर, म्हणजे टॉर पुटिटोरा, या दोन जातींचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगा खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात केले. मध्य भारतातील नद्यांत प्रामुख्याने टॉर टॉर आढळतो. मध्य प्रदेश शासनाने २०११ साली त्याला राज्य मत्स्य म्हणून घोषित केले.

आहाराचा अभ्यास कसा केला जातो?

माशाचा आहार ठरविण्याची मूळ पद्धत अन्ननलिकेतील पदार्थांच्या तपासणीची आहे. मासेमारांच्या जाळ्यात आलेल्या माशांची लांबी व वजन नोंदवून त्यांची अन्ननलिका वेगळी काढली जाते आणि तिच्यातील पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले जातात. एखादा पदार्थ किती माशांत आढळला आणि त्याचे आकारमान किती होते, या दोन्ही बाबी मोजल्या जातात. केवळ पहिली बाब पाहिल्यास अनेक माशांनी अगदी थोड्या प्रमाणात खाल्लेल्या लहान कीटकांना अवास्तव महत्त्व मिळते, तर केवळ दुसरी पाहिल्यास एखाद्याच माशाने खाल्लेला मोठा घास निष्कर्ष बिघडवतो. यावर उपाय म्हणून ए. व्ही. नटराजन आणि ए. जी. झिंगरन या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६१ साली दोन्ही बाबी एकत्र करणारा प्राबल्य निर्देशांक सुचविला. देशातील मत्स्यसंशोधनात तो आजही वापरला जातो.

महाशीर हा कार्प माशांच्या कुळातील असल्याने त्याला खरे जठर नसते. त्याच्या जबड्यातही दात नसतात. दात असतात ते घशात, तीन रांगांत. या दातांनी तो शिंपले व गोगलगाईंची कवचे फोडतो. जाड ओठ आणि मिशांच्या दोन जोड्या यांच्या साह्याने तो दगडांच्या कपारींतील अन्न शोधतो. शरीराच्या तुलनेत आतड्याची लांबी किती, यावरूनही आहाराचा अंदाज येतो. वनस्पती खाणाऱ्या माशांचे आतडे लांब, तर मांसाहारी माशांचे आखूड असते.

अलीकडे ऊतींतील कार्बन व नायट्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासून माशाने अनेक आठवड्यांत काय खाल्ले याचा माग काढता येतो. अर्धवट पचलेल्या पदार्थांतील डीएनएवरून भक्ष्याची जातही ओळखता येते. समस्थानिकांसाठी पंखाचा छोटा तुकडाही पुरेसा ठरू शकतो. दुर्मीळ जातींच्या बाबतीत मासा न मारता अभ्यास करता येणे ही मोठी सोय आहे.

नर्मदेतील निष्कर्ष

टॉर टॉरच्या आहाराचा पायाभूत अभ्यास नर्मदेत झाला. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साठच्या दशकात तेथील मासेमारीची पाहणी केली. व्ही. आर. देसाई यांचा या माशाच्या अन्नावरील शोधनिबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. वाढ झालेला मासा प्रामुख्याने पाणवनस्पती आणि तंतुमय शैवाल खातो व त्याला शिंपले-गोगलगाईंची आणि कीटकांची जोड असते, असे या अभ्यासातून पुढे आले. लहान माशांच्या आहारात कीटकांचा वाटा अधिक असतो.

याचा अर्थ असा की, या माशाला एकाच नदीत दोन प्रकारचे अधिवास लागतात. पिल्लांना दगडगोट्यांवरून वाहणारे उथळ, प्राणवायूयुक्त पाणी हवे, कारण जलकीटकांच्या अळ्या तेथेच वाढतात. मोठ्या माशांना खोल डोह आणि वनस्पती व शिंपले असलेले काठ हवेत. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी तो प्रवाहाच्या वरच्या बाजूस जातो. वाटेत बंधारा आला की हे चक्र तुटते.

समुद्रातील शिकारी

मार्लिन, सेलफिश यांची जीवनपद्धती याच्या नेमकी उलट आहे. ते खुल्या समुद्रातील वेगवान शिकारी असून त्यांचा आहार जवळजवळ पूर्णपणे मासे आणि माकूल यांचा असतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेने लांब दोरीच्या गळांनी पकडलेल्या मोठ्या माशांच्या जठरांची तपासणी केली. पूर्व अरबी समुद्रातील भक्षक माशांच्या आहारावरील संस्थेच्या शास्त्रज्ञांचा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. या समुद्रात जांभळ्या पाठीचा माकूल आणि पोहणारे खेकडे हे मोठ्या माशांचे महत्त्वाचे खाद्य असल्याचे या अभ्यासातून दिसले. एकाच पाण्यातील वेगवेगळे शिकारी अन्नाची वाटणी कशी करून घेतात, हेही अशा अभ्यासांतून समजते. मार्लिनचे भवितव्य माकुलाशी जोडलेले असते, तसे महाशीराचे भवितव्य नदीच्या तळाशी जोडलेले असते.

पुण्याची खुदरी

महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत सापडलेल्या महाशीराचे वर्णन केले आणि स्थानिक मराठी नावावरून त्याला खुदरी हे नाव दिले. निळसर पंखांचा हा मासा आज टॉर खुदरी या नावाने ओळखला जातो.

धरणांमुळे त्याची संख्या घटू लागल्यावर सत्तरच्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात कृत्रिम प्रजननाचे काम सुरू झाले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी या कामाचा वृत्तांत १९७८ साली प्रसिद्ध केला. या केंद्रातून देशाच्या अनेक भागांत मत्स्यबीज पोहोचले.

देवस्थानांच्या डोहांनीही या माशाला आश्रय दिला आहे. देहू येथील इंद्रायणीचा डोह, वैतरणेवरील तिळसे आणि महाडजवळील वाळणकोंड येथे श्रद्धेपोटी मासे पकडले जात नाहीत. मात्र भाविक टाकत असलेल्या फुटाणे-चुरमुऱ्यांमुळे अशा डोहांतील माशांवरून नैसर्गिक आहाराचा निष्कर्ष काढता येत नाही, हे संशोधकांना ध्यानात ठेवावे लागते. शिवाय डोहात मासेमारीस बंदी असली, तरी वरच्या अंगाने येणारे सांडपाणी त्यामुळे थांबत नाही.

कावेरीचा धडा

केवळ बीज सोडल्याने नदी सावरत नाही, हे कावेरीने दाखवून दिले. तेथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून टॉर खुदरीचे बीज सोडण्यात आले. गलिबोर येथील गळाच्या मासेमारीच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा खुदरीची संख्या वाढत गेली आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर झपाट्याने कमी झाला, असे आढळून आले. या कुबड्या महाशीराची शास्त्रीय ओळख, टॉर रेमादेवी, २०१८ साली निश्चित झाली आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जात म्हणून झाली. खुदरीला मात्र धोका कमी असल्याचे मानले गेले. टॉर टॉरबाबत पुरेशी माहितीच नसल्याने त्याला निश्चित श्रेणी देता आलेली नाही.

बेतवा नदीपुढील प्रश्न

मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात उगम पावणारी बेतवा सुमारे ५९० किलोमीटर वाहून हमीरपूरजवळ यमुनेस मिळते. तिच्यावर राजघाट, माताटीला, ढुकवां आणि पारिछा अशी धरणे व बंधारे आहेत. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या नदीत माशांच्या ६० हून अधिक जाती आढळल्या. ओरछा येथे १९९४ साली घोषित झालेल्या अभयारण्यामुळे नदीच्या एका पट्ट्यास संरक्षण मिळाले आहे.

केन-बेतवा प्रकल्पात केन नदीवर दौधन येथे धरण आणि तेथून २२१ किलोमीटर लांबीचा कालवा होणार आहे. हा कालवा झाशी परिसरात बेतवा खोऱ्यास मिळेल. तहानलेल्या बुंदेलखंडास पाण्याची निकड आहे, याविषयी दुमत नाही. परंतु नदीत पाणी किती आहे याइतकेच ते केव्हा व कसे वाहते हेही माशांसाठी महत्त्वाचे असते. गाळ साचून दगडगोटे झाकले गेले, तर जलकीटक नाहीसे होतात. कीटक गेले की पिल्लांचे अन्न जाते. त्यानंतर कितीही बीज सोडले तरी ते वाढत नाही.

म्हणूनच नदीत बदल होण्यापूर्वीची आहार, प्रजनन आणि अधिवासाची नोंद आवश्यक आहे. मासे मोजण्याबरोबरच ते काय खात होते हे लिहून ठेवले, तर पुढील काळात काय हरवले आणि काय परत आणता येईल, हे ठरविता येईल. बेतवा आणि केन या दोन्ही नद्यांत अशी नोंद करण्याची वेळ धरण व कालवा पूर्ण होण्यापूर्वीचीच आहे.