कळा, कंदील आणि थोरली लेक

माझ्या वडिलांचा जन्म झाला त्या रात्री गावचा ओढा दुथडी भरून वाहत होता. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. आमची थोरली आत्या तेव्हा सहा वर्षांची होती. सातारा जिल्ह्यातल्या त्या घरातली ती रात्र तिनं आम्हा भावंडांना इतक्यांदा सांगितली आहे, की कंदिलाची काच कुठं तडकलेली होती तेही मला ठाऊक आहे.

एरवी बाईला कळा सुरू झाल्या की पोरांना शेजारी पिटाळायची रीत. त्या रात्री पाऊस थांबेना, आजोबा पलीकडच्या गावी अडकलेले. घरात आजी, चुलतआजी आणि ही पोर. कशीबशी सुईण येऊन पोचली, तिनं हातपाय धुतले आणि आधी आजीकडे न जाता ती पोरीसमोर उकिडवी बसली.

“तुजी आय आता वरडंल. वरडली म्हून भ्यायचं न्हाय. ते रडणं न्हवं, जोर लावणं हाय. रगात दिसंल, त्ये बाळासंगं येतंयच. तुज्याकडं दोन कामं. चुलीत लाकूड सारायचं आन् म्या म्हनंल तवा कंदील धरायचा. भ्या वाटलं तर सोप्यात जाऊन बस, कुनी रागं भरनार न्हाय.”

सगळी तयारी एवढीच. पण यात काय सुटलं आहे ते मी आज शोधते आणि मला सापडत नाही. आवाज का येणार ते सांगितलं, रक्ताचं सांगितलं, हाताला काम दिलं आणि बाहेर पडायची मुभा दिली.

आजी आढ्याला बांधलेला कासरा धरून उकिडवी बसली होती. मध्येच आत्याच्या हातातला कंदील थरथरायला लागला. सुईणीनं मान वर न करताच तिला कंदील चुलतआजीकडे देऊन पाणी पिऊन यायला सांगितलं. आत्या सोप्यात गेली, माठातलं पाणी प्याली, पावसाकडे बघत उभी राहिली आणि आपल्या पायांनी परत आली. ती परतली तेव्हा डोकं दिसू लागलं होतं. मग काशाची थाळी वाजली, बाळ सुपात आलं. वार पडली तेव्हा हे काय म्हणून तिनं विचारलं. “बाळाची शिदोरी. पोटात असताना खाल्ली, आता काम सरलं,” असं सुईणीनं सांगितलं. पहाट झाल्यावर परसात खड्डा खणून तिनं ती पुरली, आणि माती लोटायला आत्यालाच बरोबर नेलं.

हीच सुईण गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. घरातल्या प्रत्येक पोराला पहिला स्पर्श तिच्या हातांचा, आणि इतर दिवशी तिला ओसरीच्या पायरीवर यायची बंदी. आत्या हे सांगताना दर वेळी थांबायची. त्या बाईचं ऋण आमच्या घरानं कधी फेडलं नाही, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून शरीराविषयी खरं बोलण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. आमच्या गावात ते मासिक पोचलं नव्हतं. पण अक्षरओळख नसलेली ही बाई सहा वर्षांच्या पोरीशी खरं बोलली.

आईच्या माहेरची हकिगत अगदी उलटी. तिथल्या आजीला कळा लागल्या तेव्हा धाकटी मावशी पाच वर्षांची. दाराला आतून कडी, बाहेर तिला कुणी काही सांगितलेलं नाही. आईच्या किंकाळ्या ऐकून आई मेलीच असं तिनं धरलं. दाराच्या फटीतून तिनं आत डोकावून पाहिलं, तेवढ्यात कुणीतरी पाठीत धपाटा घालून हाकललं. भाऊ झाला. आठव्या दिवशी त्याचा जबडा आवळला, अंग ताठ झालं, तो गेला. सटवाईनं नेला, असं घरात ठरलं. मावशीनं मात्र मनात धरलं, की आपण फटीतून बघितलं म्हणून तो गेला. हे ती पहिल्यांदा बोलली तेव्हा तिला नातवंडं झाली होती.

तो धनुर्वात होता. विळ्यानं नाहीतर मिळेल त्या पात्यानं नाळ कापली जायची, त्यावर राख लावायची, आणि थोड्याच दिवसांत बाळ जायचं. गर्भारपणातल्या लशीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणांमुळे नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारतात २०१५ साली जाहीर झालं. म्हणून जुन्या माजघराची ओढ मला वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९–२१ मध्ये महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, आणि हे फार चांगलं झालं.

पण बाळंतपण दवाखान्यात गेलं तेव्हा थोरलं पोर घरीच राहिलं आणि त्याच्या वाट्याला थापा आल्या. धाकटा भाऊ डॉक्टरीणबाईंच्या बॅगेतून आला, असं मला सांगितलं होतं. आई पाच दिवस दिसली नाही. परतली ती पोट धरून चालत होती, तेव्हा त्या बॅगेनं आईला काय केलं हे मला कुणाला विचारताच आलं नाही.

माझी भाची नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला असते. तिथं धोका नसलेलं बाळंतपण घरी करायची सोय अजून आहे. प्रशिक्षित सुईण येते, गरज पडली तर दवाखाना जवळ असतो, नंतर आठवडाभर परिचारिका रोज घरी येते. बाळंतपणाच्या आधी पलंगाच्या पायांखाली ठोकळे घालून तो उंच करतात, म्हणजे सुईणीची कंबर मोडत नाही. भाचीच्या घरच्या बाळंतपणाआधी ते ठोकळे लावायला तिची चार वर्षांची लेक बापाबरोबर होती. मायलेकी बसून कळांचे आवाज काढायच्या, नाळेची नि वारेची चित्रं बघायच्या. शेजारची एक बाई फक्त पोरीसाठी नेमलेली. त्या बाईनं बाळंतिणीकडे बघायचंच नाही, पोरगी जाईल तिकडे जायचं. प्रत्यक्ष जन्माच्या वेळी पोरगी स्वयंपाकघरात पाव खात होती. बाळ रडल्याचं ऐकून आत आली आणि तिनं विचारलं, नाळ कापली की दुखतं का? नाळेत दुखणं कळणाऱ्या नसाच नसतात, हे सुईणीनं तिला सांगितलं. भाची फोनवर हे सांगत होती आणि मला आत्याचं माठातलं पाणी आठवत होतं.

मुलानं तो क्षण पाहिलाच पाहिजे, असं मी म्हणणार नाही. एखाद्याला बघवणार नाही, एखादीला आपल्या मुलासमोर कळा देणं नको वाटेल, आणि आपल्याकडच्या प्रसूतिगृहांत लहान मुलांना आत सोडतही नाहीत. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या पसंतीचं माणूस असावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारससुद्धा आपल्या अनेक दवाखान्यांत अजून कागदावरच आहे.

तरी सातव्या महिन्यापासून थोरल्याला खरं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. बाळ कुठून येतं, आई का ओरडते, रक्त का येतं, आई किती रात्री घरी नसेल, टाके पडले तर ती मांडीवर का घेणार नाही, हे सगळं सांगा. त्या दिवसासाठी एक माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवा, मग ती आत्या असो की शेजारच्या काकू. आणि बाळ झाल्यावर आईला भेटायला बाहेरचे पाहुणे आत शिरतील, त्यांच्या आधी थोरल्याला आत न्या.