भुलाबाई: मुलींच्या खेळात सासूची गाणी कुठून आली?

भाद्रपद पौर्णिमेला घरात मातीची भुलाबाई बसते. तिथून कोजागरीपर्यंत महिनाभर संध्याकाळ झाली की मुली टिपऱ्या घेऊन घराबाहेर पडतात. बुलढाणा जिल्ह्यासह वऱ्हाडात आणि शेजारच्या खानदेशात हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. वरवर पाहता सगळी मजा आहे. पण गाणी नीट ऐकली, तर त्यात बालपण लवकर संपलेल्या मुलींची गोष्टही सापडते.

भुलाबाई म्हणजे कोण?

भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. पार्वतीने भिल्लिणीचं रूप घेतलं आणि शंकर तिला भुलले, म्हणून ती भुलाबाई, अशी लोककथा सांगितली जाते. खानदेशात अनेक ठिकाणी तिला गुलाबाई म्हणतात. मुलींसाठी मात्र ती देवीपेक्षा माहेरपणाला आलेली लेक जास्त असते.

खेळ कसा असतो?

मुली एकेका घरी जमतात, टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी येतो सगळ्यात आवडता भाग, खाऊ ओळखण्याचा. डबा झाकलेलाच असतो. तो हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट ते विचारायचं आणि अंदाज बांधायचा. कुणालाच ओळखता येणार नाही असा खाऊ करण्यात घरच्या बायकांनाही मजा येते. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून त्यात भुलाबाई बसवतात. याच सुमारास शेतात खरिपाची ज्वारी उभी असते, त्यामुळे सजावटीचं सामान शेतातूनच येतं.

पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला किंवा हादगा हा याच खेळाचा भाऊबंद. तिथे मध्ये हत्तीचं चित्र ठेवून मुली फेर धरतात.

गाण्यांमध्ये काय असतं?

दागिने, पाळणा, भाऊ, माहेरची वाट आणि सासू. कारल्याच्या वेलाचं गाणं सगळ्यांना माहीत असतं. सून माहेरी जायला विचारते. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लावला की तो वाढू दे, मग त्याला फूल येऊ दे, कारलं लागू दे. अटी संपतच नाहीत. आठ-दहा वर्षांच्या मुली हे हसत-हसत गातात.

लहान मुलींच्या तोंडी सासर का?

कारण एकेकाळी याच वयात मुलींची लग्नं होत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवलं. ते १८ व्हायला १९७८ उजाडलं. त्यामुळे सासरी जाणं ही त्या काळच्या मुलींसाठी दूरची कल्पना नव्हती, ती पुढच्या वर्षाची शक्यता होती. सासूला तोंडावर बोलता येत नव्हतं, पण फेरात सगळ्यांसोबत तिची थट्टा करता येत होती. भुलाबाईच्या निमित्ताने माहेरी आलेल्या लेकीला काही दिवस पुन्हा लहान होता यायचं.

हा प्रश्न पूर्णपणे इतिहासजमा झालेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के महिलांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालं होतं.

आज भुलाबाई कुठे आहे?

अंगणं कमी झाली, संध्याकाळी क्लासेस आले. पण खेळ थांबलेला नाही, त्याची जागा बदलली. शाळा आणि महिला मंडळं तो घेतात, जळगावात भुलाबाई महोत्सव भरतो आणि गाणी यूट्यूबवरही मिळतात. डॉ. सरोजिनी बाबर यांच्यासारख्या अभ्यासकांनी बायकांची लोकगीतं जमवून छापली, म्हणून मौखिक परंपरेतलं बरंच काही टिकलं.

तरीही ही गाणी गावागणिक बदलतात. मलकापूरकडचं खानदेशी वळण मेहकरकडे सापडेलच असं नाही. आजीला पाठ असलेलं कडवं पुस्तकात असेलच, याचीही खात्री नाही. येत्या कोजागरीला ते मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या आणि सोबत गावाचं नाव लिहून ठेवा.